डोक्याला तीन घागरी

खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आम्ही मटण खातो की नाही तेही विचारलं नाही. अंगणातल्या हौदाच्या झाकणावर बसले होते. बसल्या जागेवरून त्यांनी एकच प्रश्न केला.

"डोकी किती?"

"तीन," मी म्हणालो. "मी, बायको आणि मुलगी."

त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग बायकोच्या पोटाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "वाढणार हायत का?"

असा राग आला होता की तिथूनच मागं फिरावं. पण मी चिंचोळी एमआयडीसीत नवीन लागलो होतो, कारखान्याचं स्टोअर सांभाळत होतो आणि महिनाभर खोल्या हिंडून कंटाळलो होतो. सोलापूरच्या हद्दवाढ भागात खोल्या ढीगभर होत्या, पण पाणी म्हटलं की घरमालक आभाळाकडे बघायचे. इथं निदान हौद होता. "नाही," म्हणालो आणि राग गिळला.

मालक म्हणजे साठी उलटलेला, काटक, काळा माणूस. अंगात बंडी, डोक्याला टॉवेल आणि कंबरेच्या करगोट्याला हौदाची किल्ली. त्या किल्लीपायी त्यांनी आयुष्यात पँट घातली नसावी असा माझा अंदाज आहे. मूळचे मंगळवेढ्याच्या पलीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी सोलापूरला सूतगिरणीत लागले आणि शहराच्या कडेला जागा घेऊन घर बांधलं. तेव्हा म्हणे आजूबाजूला नुसती काळी रानं होती आणि नळाला रोज पाणी होतं. आता रानं गेली, इमारती आल्या आणि पाणी पाचव्या दिवसावर गेलं. यातलं कशामुळं काय झालं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "नळ त्यवढाच हाय," ते म्हणायचे, "त्याला लागलेली तोंडं वाढली."

त्यांच्या घरात आम्ही चार भाडेकरू होतो आणि सगळ्यांचा प्राण त्या एका हौदात होता. रोज सकाळी सहाला मालक कुलूप काढायचे, बाभळीची खाचा पाडलेली काठी हौदात उभी बुडवायचे, ओल कुठवर चढली ते बघायचे आणि मगच आम्हाला घागरी भरू द्यायचे. नियम ठरलेला होता. डोक्याला तीन घागरी. आमच्या नऊ. मालक मोठ्यानं मोजायचे आणि शेवटच्या आकड्यावर काठी झाकणावर आपटायचे. संडासाला बोअरचं मचूळ पाणी होतं. बाकी पिणं, रांधणं, आंघोळ, धुणं, सगळं त्या नऊ घागरींत.

त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, तो त्यांचा धंदाच होता. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि प्रत्येक दारासमोरच्या चपला मोजायचे. जोड जास्त दिसला की कडी वाजलीच. "पाव्हणं आल्यात जणू? मुक्काम हाय का?" दोरीवर वाळणारी धुणी मोजायचे. एकदा माझा बनियन हातात धरून त्यांनी विचारलं होतं, "ह्यो तुमच्या मापाचा वाटत न्हाय." बनियन माझाच होता, धुऊन धुऊन सैल झालेला. मी घालून दाखवला तेव्हा कुठं गेले.

वरच्या मजल्यावर चादरीच्या कारखान्यात काम करणारं एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्यांना मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळे जमलो, मालकही आले. पाळण्यात वाकून बाळाचं कौतुक केलं आणि वळून त्याच्या बापाला विचारलं, "दुपटी दिवसातनं किती वेळा धुता?" पुढचे चार दिवस घरात एकच वाद चालला होता, बाळाला डोकं धरायचं की नाही. बाप म्हणत होता, त्याला काय पाणी लागतंय, ते तर आईच्या अंगावर पितंय. शेवटी मालकांनी निकाल दिला. बाळ म्हणजे दीड डोकं.

समोर पाच मजली अपार्टमेंट उभं राहिलं तेव्हा तर त्यांची झोपच उडाली. पाणी यायच्या दिवशी हातभर लोखंडी सळई घेऊन ते रस्त्यावर पालथे पडायचे. सळईचं एक टोक जमिनीतल्या पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाला. येणारेजाणारे सायकली थांबवून बघायचे. अपार्टमेंटच्या सेक्रेटरीनं एकदा विचारलं, "काका, काय ऐकताय?"

"तुमची मोटर. लायनीतनं थेट वडताय पाणी."

"मोटर बंद आहे आमची."

"व्हय. मला बघून आत्ता बंद केली की."

सेक्रेटरी हसत आत निघून गेला. मालकांचा संशय दहात नऊ वेळा खरा निघायचा, आणि तोच त्यांचा सगळ्यात वाईट गुण होता. अशा माणसाला वेडा म्हणून सोडूनही देता येत नाही.

स्वतःच्या घरात ते एकटेच होते. बायको वारलेली. मुलगा पुण्याला. सून अकलूजची. त्यांच्या मते सगळा बिघाड तिथंच होता. "कालव्याच्या काठाला वाढल्याली पोरगी. भांडं घासताना नळ सोडून आत जाती. मी बोललो. लई बोललो." एवढं म्हणून ते करगोट्याची किल्ली चाचपायचे. मुलगा आणि सून कधी गेले ते मला कळलं नाही, पण का गेले ते कळलं. सकाळच्या वाटपात मालक स्वतःचं सगळ्यात शेवटी घ्यायचे. तेव्हा मात्र मोठ्यानं मोजायचे नाहीत.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला अजून शरम वाटते.

आमचं गाव अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेवर. तिथं घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. त्या वर्षी मार्चातच गावची विहीर तळाला गेली आणि माझा भाऊ बायकापोरं घेऊन कामाला बाहेर पडला. घरात आई एकटी राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि टँकर आला की त्या गर्दीत घागर घेऊन ती उभी राहायची. मी जाऊन तिला घेऊन आलो. सरळ मालकांकडे जाऊन "आता आम्ही चार" म्हणायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. याच मालकांनी आदल्या वर्षी एका भाडेकरूला खोली सोडायला लावली होती, कारण त्याचे दोन मेहुणे चार महिने 'मुक्कामाला' होते. मुलीची शाळा जवळ होती. एवढ्या पाण्याची दुसरी खोली मिळाली नसती. बायको म्हणाली, "आधी राहू द्या थोडे दिवस. मग सांगू."

आणि आम्ही माझ्या आईला लपवलं.

तिच्या चपला तांदळाच्या डब्यामागं गेल्या. तिचं लुगडं खोलीतच, पलंगावर दोरी बांधून वाळायला लागलं. खोलीला मधोमध एक पडदा होता, त्याच्या मागं तिचा दिवस जायचा. खोकला आला की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. मुलीला आम्ही पढवलं, "घरात कोण कोण असतं विचारलं तर काय सांगायचं?" ती म्हणायची, "आई, बाबा आणि मी." आजीसमोरच म्हणायची. आई हसून म्हणायची, "शाणी हाय गं माजी बाय." मी दुसरीकडे बघायचो.

नऊ घागरी चौघांना पुरणार कशा, या काळजीनं पहिल्या आठवड्यात बायकोचा जीव अर्धा झाला. मग आईनं पडद्याआडून कारभार हातात घेतला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी फरशीला. भांडी आधी कोरड्या राखेनं घासायची, मग ओल्या हातानं पुसायची. राख तिनं गावाहून पिशवीत बांधून आणली होती. माझी आंघोळ अर्ध्या बादलीत बसवली. मी कुरकुरलो तर म्हणाली, "तुला जलमल्यावर तांब्याभर पाण्यात न्हाऊ घाटलाय. तवा न्हाय रडलास."

सव्वा महिना झाला आणि एका सकाळी हौदावर माझी बायको सहज बोलून गेली, "मालक, आज आठच बास."

मालकांची काठी हवेतच राहिली.

"काय म्हणालीस?"

"आठ बास. एक भरलेली आहे घरात."

एवढ्या वर्षांत त्या हौदावरून कुणी एक घागर कमी नेलेली नव्हती. उरली तर लोक अंगणात शिंपायचे, गाडी धुवायचे, पण नेणार म्हणजे नेणार. मालकांनी बायकोकडे बघितलं, आमच्या दाराकडे बघितलं आणि काठी झाकणावर टेकवली. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्या दारातल्या चपला दोनदा मोजल्या. तीनच जोड होते.

पुढचं पाणी आलं. पाणी येण्याच्या दिवशी आमच्या घरात, आमच्याच काय, अख्ख्या गल्लीत एक ठरलेली रीत होती. त्या दिवशी मोजणी नसे, भांडी असतील तेवढी भरायची मुभा. म्हणून नळ सुटला की प्रत्येक जण घरातलं साठवलेलं पाणी आधी ओतून टाकायचा. ते शिळं. हांडे, पिंपं, माठ, सगळं उलटं व्हायचं, घासलं जायचं आणि ताजं भरलं जायचं. चार दिवस थेंबाथेंबावरून भांडणारी माणसं पाचव्या दिवशी बादल्याच्या बादल्या रस्त्यावर ओतायची आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. खुद्द मालक आपली तांब्याची घागर फाटकाबाहेर रिकामी करायचे. मीही ओततच आलो होतो.

आईनं हे पहिल्यांदा पडद्याच्या फटीतून बघितलं तेव्हा तिला वाटलं होतं, कुठं पाइप फुटलाय. तिच्या अधू डोळ्यांना पाणी नीट दिसलं नसेल, पण आवाज कळत होता. "एवढं पाणी," ती म्हणाली. "आख्खा गाव चार दिस जगला असता की रं." तेव्हापासून तिनं आमचा एकही हांडा हलवू दिला नव्हता. याही पाण्याला सगळ्यांच्या मोऱ्या भरभरून वाहत होत्या आणि आमच्या मोरीचा पाइप ठणठणीत कोरडा होता.

मालक त्या पाइपासमोर उभे राहिले. वाकून त्यांनी आत बोट घातलं, आणि ते कोरडं बोट उन्हाकडे धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी कडी वाजली. आई पडद्याआड गेली. मालक आत येऊन खुर्चीवर बसले. चार वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या घरात बसत होते. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या स्टोअरची चौकशी केली, मग म्हणाले, "पाणी द्या जरा."

बायकोनं पेला भरून दिला. त्यांनी अर्धा प्यायला आणि अर्धा स्टुलावर ठेवला. पुन्हा बोलत बसले.

"आमचा बाप मेंढरं मोजायचा सांजच्याला. एक कमी भरलं तर वाटायचं लांडग्यानं न्हेलं. पर एक जास्ती भरलं तर बापाला जास्ती भ्या वाटायचं. जास्ती म्हंजी दुसऱ्याचं आत आलंय. उद्या भांडान हाय." ते थांबले. "तुमी इस्टोर सांभाळता. तुमच्याकडं माल कमी भरला तर चोरी. पर वापरून बी माल उरायला लागला, तर काय समजता?"

मी स्टोअरच्या हिशेबाचं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात बायकोनं अवघडून काहीतरी हालचाल करायची म्हणून तो उष्टा पेला उचलला आणि मोरीकडे वळली. सगळं जग उष्टं पाणी ओततं, त्यात तिची काही चूक नव्हती.

पडद्याआडून आवाज आला, "चेल्लब्याड."

म्हणजे सांडू नको. आई घाबरली की कानडीत बोलायची. तो शब्द तिच्या तोंडून सुटून गेला. बायको पेला धरून उभी राहिली. मालक पडद्याकडे वळले आणि मला कधी माहीतही नसलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "होरगं बा, यव्वा." बाहेर ये, आई. त्यांचंही गाव कानडी शिवेकडचंच होतं.

आई बाहेर आली. पदर डोक्यावरून घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली, चोरी पकडल्यागत. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"किती दिस झालं?" मालकांनी मला विचारलं.

"दीड महिना."

"म्हंजी दीड म्हैना मी तीन मोजत हुतो आन आत चार हुती." त्यांना राग आला नव्हता. त्यांना लागलं होतं. "शिळं पाणी न वतणारं माणूस शहरातलं नसतंय. मोरी कोरडी दिसली तवाच वळाकलं. दुष्काळातलं कुणीतरी हाय आत." मग उठले. दारात थांबून म्हणाले, "तिसऱ्या पाण्याला खोली सोडा."

आम्ही दिवस पाण्यावरच मोजायचो. तिसरं पाणी म्हणजे पंधरा दिवस.

आई लगेच म्हणाली, "मी जाते गावाला. तुमी ऱ्हावा." मी ओरडलोच तिच्यावर. कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं म्हणून तिच्यावर. मग खोल्या शोधायला लागलो. कारखान्यातून सुटलो की गल्ल्या हिंडायचो. मिळत काही नव्हतं.

लपायचं कारण संपल्यावर आई मात्र उजळ माथ्यानं अंगणात बसायला लागली. पहिलं पाणी आलं, लोक हांडे घेऊन बाहेर आले, आणि आई एक रिकामं पिंप ढकलत प्रत्येक दारात गेली. "वतनार हाय न्हवं? मग ह्येच्यात वत." लोक हसले, पण ओतलं. मालक काठी घेऊन तिच्या मागोमाग हिंडत होते.

"ह्यात तुमचा काय डाव हाय, आक्का?"

"डाव कसला, आण्णा? धुण्याला हुईल सगळ्यांच्या."

"शिळं हाय ते."

"धरणात सा सा म्हैनं पडून असतंय. तितं ताजं असतंय व्हय? तुमच्या हौदात चार दिस ऱ्हातंय ते चालतंय. हांड्यात गेलं की लगी शिळं?"

मालकांनी काठी पिंपात बुडवली, ओल बघितली आणि निघून गेले. पुढचे चार दिवस ते तिच्यावर पाळत ठेवून होते. पिंपातलं पाणी ती कुणाला देते, किती देते, त्यात काही कालवते का. दुसऱ्या पाण्याला लोकांनी आपणहून पिंप भरलं. तेलुगू बाईनं बाळाची दुपटी त्याच पाण्यात धुतली. त्या आठवड्यात हौदातली ओल काठीच्या दोन खाचा वर राहिली. मालक रोज काठी बघायचे, आईकडे बघायचे आणि पुन्हा काठी बुडवायचे. काठीवरही त्यांचा विश्वास उरला नव्हता.

तिसरं पाणी येऊन गेलं. आमची भांडी पोत्यात बांधून झाली होती. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, दोन दिवस मित्राकडे पडू असा विचार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, शेवटच्या म्हणून, बायको नि मी घागरी घेऊन हौदावर गेलो. आईही मागून आली. मालकांनी मोजायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ. बायको वळली. काठी झाकणावर आपटल्याचा आवाज आला नाही.

"धा," मालक म्हणाले.

बायकोनं भरली. "अकरा. बारा." मग काठी आपटली.

आई म्हणाली, "नऊ बास हायती, आण्णा."

"बारा न्ह्या. चार डोकी आन नऊ घागरी म्हंजी मला परत संशय. माझी मोजदाद बिघडवू नका."

एवढंच. पोती आम्ही त्याच दुपारी सोडली. दया होती म्हणावं तर त्यांनी वरच्या तेलुगू भाडेकरूला सांगितलं होतं, "म्हातारी गेली तर हौद उतरंल." नुसता मतलब होता म्हणावं तर आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला दवाखान्यात सगळ्यात आधी तेच येऊन बसले होते, करगोट्याला किल्ली तशीच. मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांच्या शेजारी राहून माझाही स्वभाव तसाच झाला आहे, चांगुलपणा दिसला की मी त्याच्या तळाला काठी लावून बघतो.

पुढं आम्ही फ्लॅट घेतला. तोही समोरच्याच अपार्टमेंटमध्ये, ज्याची मोटर ते सळईनं ऐकायचे. मालकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. आईशी चालू ठेवलं. ती रोज रस्ता ओलांडून त्यांच्या अंगणात जायची आणि पिंपावर लक्ष ठेवायची. मागच्या हिवाळ्यात ती गेली. दोन दिवसांचा ताप, बस.

दहाव्याच्या आत मालक भेटायला आले. पाच मजल्यांच्या त्या इमारतीत ते पहिल्यांदाच चढले. दारात थांबून त्यांनी खाली बघितलं आणि सवयीनं चपला मोजल्या. त्यांचे ओठ हलले ते मला दिसलं. मग आत येऊन बसले. बायकोनं पाणी आणलं.

त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि अर्धा टीपॉयवर ठेवला. थोड्या वेळानं बायको पेला उचलायला वाकली, तसे ते स्वयंपाकघराच्या दारावरच्या पडद्याकडे बघत राहिले. बायको पेला हातात घेऊन थबकली. आत कुणी नव्हतं.

मग त्यांनी हात पुढे केला, बायकोच्या हातून पेला परत घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.